हातोड्याच्या खुणा

आर्ट्स अँड क्राफ्ट्स शैलीतला तांब्याचा दिवा समोर ठेवला की बघणारा माणूस बहुतेक वेळा आधी हात पुढे करतो आणि दिव्याच्या पोटावरून फिरवतो. शेडकडे, उजेडाकडे लक्ष नंतर जातं. त्या पोटावर हातोड्याच्या खुणा असतात, एकमेकींना खेटून, शेकड्यांनी, लांबून त्या खड्ड्यांसारख्या वाटतात पण बोट लावलं की कळतं, खड्डा कुठेच नाहीये, सगळ्या छोट्या छोट्या सपाट जागा आहेत आणि त्यांच्या कडा एकमेकींना हलकेच भेटतायत. मी असे दिवे बनवते आणि या खुणांबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं, कारण त्यांच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. लोक म्हणतात हाताने बनवलंय हे दिसावं म्हणून त्या ठेवतात. मला वाटतं दाखवायला मारलेली खूण वेगळी आणि कामातून मागे राहिलेली खूण वेगळी, आणि तांब्यावर हा फरक लपत नाही.

थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरातली एकेक वस्तू साच्यातून निघायला लागली होती, तेव्हा कलासमीक्षक जॉन रस्किनने १८५३ मध्ये व्हेनिसच्या इमारतींवर लिहिता लिहिता एक मुद्दा फार जोरात मांडला, की कारागिराकडून यंत्रासारखी अचूकता मागितली की त्याच्यातला माणूस संपतो, म्हणून हातच्या कामातला ओबडधोबडपणा मान्य करा. विल्यम मॉरिस या डिझायनरने हा विचार प्रत्यक्ष कामात उतरवला, आणि १८८७ मध्ये लंडनला आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी निघाली तिथून हातच्या कामाला मान देणाऱ्या या चळवळीला नाव मिळालं. या सगळ्यांना तांबं आवडायचं यात नवल नाही. चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त, हाताखाली मऊ, आणि शिकणाऱ्याला सांभाळून घेणारं. उत्तर इंग्लंडमधल्या केझिकला १८८४ मध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू झाले, कॉर्नवॉलमधल्या न्यूलिनला १८९० मध्ये जॉन ड्रू मॅकेन्झी यांनी मच्छीमारांसाठी वर्ग काढला, समुद्रावर जाता येत नाही त्या दिवसांत हाताला काम आणि घरात चार पैसे असावेत म्हणून, आणि जॉन पिअर्सनसारख्या माणसाने तिथे तांबं ठोकायला शिकवलं. न्यूलिनच्या कामावर मासे, लाटा, जहाजं आहेत, आणि ती तिथल्या माणसांची आहेत हे बघताक्षणी कळतं. सी. आर. ॲशबी या वास्तुविशारदाचं गिल्ड, म्हणजे कारागिरांचा संघ, १८८८ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडला सुरू झालं, १९०२ मध्ये माणसं, बायकापोरं, अवजारं सगळं घेऊन चिपिंग कॅम्पडन या खेड्यात गेलं आणि काही वर्षांतच आर्थिकदृष्ट्या बुडालं. अमेरिकेत एल्बर्ट हबर्डने १८९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट ऑरोराला रॉयक्रॉफ्ट ही कारागिरांची वसाहत उभी केली, आणि त्यांच्या तांब्याच्या कामाला आकार दिला कार्ल किपने, जो त्याआधी बँकेत होता.

आता अडचण इथे आहे. पिढीजात तांबट हातोड्याच्या खुणा ठेवायचा नाही. भांडं मठारायचं ते गुळगुळीत करण्यासाठी, आधीच्या ठोक्यांचे उंचसखलपण मोडून काढण्यासाठी आणि मऊ पडलेला पत्रा पुन्हा कडक करण्यासाठी, आणि जितका कारागीर चांगला तितक्या त्याच्या खुणा कमी दिसायच्या. चळवळीत आलेले बरेच जण मात्र नवशिके होते, ॲशबींनी तर मुद्दाम कोऱ्या हातांची माणसं घेतली, आणि या नव्या मंडळींच्या कामात खुणा राहिल्या. त्या राहिल्या ते आधी ठीकच होतं, पण हळूहळू त्याच हाताच्या कामाची ओळख होऊन बसल्या, गिऱ्हाईक त्या मागायला लागलं, मग गरज नसताना ठोके मारले जाऊ लागले आणि शेवटी कारखान्यांनी प्रेसमध्येच खुणा उमटवलेला पत्रा काढला. यंत्राविरुद्ध उभी राहिलेली खूण यंत्रच छापायला लागलं. याचं मला खरंच वाईट वाटतं, आजही बाजारात असे पत्र्याचे दिवे भरपूर आहेत आणि घेणाऱ्याला वाटतं आपण हातचं घेतोय.

म्हणून मला डर्क व्हॅन अर्प हा माणूस या सगळ्यात फार महत्त्वाचा वाटतो. नेदरलँड्समधल्या लेवार्डनचा, धंद्याने तांबट. अमेरिकेत आला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या नौदलाच्या मेअर आयलंड गोदीत तांब्याचं काम करत होता, म्हणजे जहाजाच्या नळ्या, सांधे, फ्लँज, असलं काम, जिथे दिसण्याला शून्य मार्क आणि गळतीला माफी नाही. गोदीत तोफगोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी पडलेली असायची, ती ठोकून तो फुलदाण्या करायला लागला, त्या विकल्या गेल्या, आणि १९०८ मध्ये त्याने ओकलंडला स्वतःचं कॉपर शॉप काढलं. १९१० मध्ये दुकान सॅन फ्रान्सिस्कोला नेलं आणि डार्सी गॉ ही शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली डिझायनर त्याची भागीदार झाली. ही भागीदारी जेमतेम वर्षभर टिकली, पण दिव्यांचे जे आकार आपण आज व्हॅन अर्पचे म्हणून ओळखतो ते त्या वर्षात पक्के झाले असं मानतात आणि मलाही ते पटतं, कारण त्यात एकट्या तांबटाचं डोकं दिसत नाही आणि एकट्या चित्रकाराचंही नाही. शिक्क्यावर पवनचक्की होती आणि खाली चौकटीत दोघांची नावं, ती भागीदारी सोडून गेल्यावर तिचं नाव शिक्क्यातून काढलं आणि चौकट तिथे तुटकी राहिली. पुढची बरीच वर्षं त्या तुटक्या चौकटीचाच शिक्का दिव्यांच्या तळाला बसत होता. मला हा तपशील फार लागतो. तिच्याबद्दल अजून खूप लिहिलं जायला हवं.

व्हॅन अर्पच्या दिव्यावर खुणा आहेत, पण त्या शांत आहेत. त्या तिथे का आहेत ते समजायला दिव्याचं पोट कसं होतं ते सांगायला लागेल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची गोल चकती घ्यायची. आधी ती लाकडाच्या ओंडक्यात कोरलेल्या खोलगट जागेत आतून ठोकून वाटीसारखी करायची, मग उलटी करून लोखंडी खुंट्यावर घ्यायची आणि बाहेरून, तळाकडून काठाकडे, गोल गोल ओळींनी ठोकत चढवायची. प्रत्येक ठोका धातूला थोडंसं आत ढकलतो, परीघ कमी होतो, उंची वाढते, आणि नीट केलं तर काठ पातळ होण्याऐवजी उलट जाड होत जातो. एक फेरी पूर्ण होईपर्यंत तांबं कडक झालेलं असतं. धातूच्या आतल्या स्फटिकांमधले थर एकमेकांवर सरकत सरकत अडकून बसतात, आणि हे डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं, सुरुवातीचा बोदा आवाज चढत चढत खणखणीत होतो, हातोडी हातात उसळायला लागते. तिथे थांबायचं. पुढे रेटलं तर काठ फाटतो.

मग भट्टी. तांबं मंद लाल होईपर्यंत तापवायचं, ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास. वितळायला १०८५ लागतात त्यामुळे अंतर भरपूर आहे, पण जास्त तापवलं तर आतले कण मोठे होतात आणि पुढे ठोकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. मंद लाल रंग उजेडात दिसत नाही म्हणून भट्टीचा कोपरा अंधारा ठेवतात. लाल झालेलं तांबं सरळ पाण्यात टाकलं तरी चालतं, पोलाद तसं टाकलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं आणि वर पाण्याच्या धक्क्याने काळी पापडी सुटून येते. उरलेली सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये निघते (ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच). की पुन्हा खुंट्यावर, पुन्हा ओळी, पुन्हा भट्टी. खोल पोटाच्या आणि अरुंद गळ्याच्या आकाराला हे चक्र खूप वेळा फिरतं आणि मधल्या फेऱ्यांत वस्तू अगदी कुरूप दिसते, सुरकुतलेली, वाकडी, कुणाला दाखवू नये अशी. मला तो टप्पा सगळ्यात जास्त आवडतो. आकार अजून आलेला नसतो पण हाताला तो येताना जाणवत असतो.

आकार आला की मठारणं सुरू होतं. इथे हातोडा वेगळा, तोंड आरशासारखं पॉलिश केलेलं आणि अगदी किंचित फुगीर, कारण त्या तोंडावर बारीकशी चीर असेल तर ती प्रत्येक ठोक्यासोबत तांब्यावर छापली जाते. खुंट्याचा बाक आतल्या बाकाला जुळणारा हवा आणि ठोका नेमका तिथेच पडायला हवा जिथे तांबं खुंट्याला टेकलंय. टेकलं असेल तर भरीव आवाज येतो. जरा जरी अधांतरी असेल तर पोकळ आवाज येतो आणि पोचा पडतो. हात एकाच जागी एकाच लयीत पडत राहतो आणि दुसरा हात वस्तू फिरवत राहतो, थोडं थोडं, ओळीने, आणि एका तंद्रीत तास निघून जातात.

आणि आता खुणांकडे परत. जवळजवळ सपाट तोंडाचा हातोडा गोल पोटावर पडला की जिथे तो टेकतो तिथे छोटा सपाट डाग होतो, आणि त्या डागाचा आकार ठरवतो तो पोटाचा बाक. पोट जिथे मोठं आणि पसरट आहे तिथे खुणा रुंद, जवळजवळ गोल पडतात. खांद्याकडे बाक वाढतो तशा त्या आकसतात. गळ्याशी, जिथे एका दिशेने बाक तीव्र आणि दुसऱ्या दिशेने जवळजवळ नाहीच, तिथे त्या लांबट आणि चिंचोळ्या होतात. म्हणजे तांबटाने काही न ठरवताही खुणा आकाराचा नकाशा काढत जातात. चांगल्या दिव्यावर वरून खाली नजर फिरवली की त्या बदलत जाताना दिसतात, आणि प्रेसमधून छापलेल्या पत्र्यावर मात्र पोट असो की गळा, खुणा सगळीकडे एकाच मापाच्या, कारण त्या सपाट पत्र्यावर आधीच उमटल्यात आणि आकार नंतर आलाय. मला खरा-खोटा ओळखायला विचारतात तेव्हा मी हेच सांगते, शिक्का नंतर बघा, आधी गळा बघा.

गोदीत काम केलेल्या व्हॅन अर्पला हे अंगवळणी होतं. त्याने पत्र्याला जितके ठोके हवेत तितके दिले, खुणा पुसत बसला नाही आणि वाढवतही बसला नाही. त्याची काही कामं अपवाद आहेत, ज्यांवर मुद्दाम फोडांसारखे उंचवटे काढलेत, संग्राहक त्यांना चामखिळीवाली कामं म्हणतात आणि त्यांना किंमतही भरपूर देतात. ती मला तितकीशी भावत नाहीत, पण तांब्याची जाडी आणि हाताचा ताबा बघायला जरूर बघावीत.

याच तत्त्वाने दिव्याचा वरचा भाग बघितला की मजा येते. तेलाची किंवा गॅसची ज्योत वरच जाते, तिला काच हवी, हवा हवी, वर मोकळी जागा हवी. विजेचा दिवा कुठल्याही दिशेला तोंड करून बसतो, आणि त्यामुळे प्रकाश खाली टाकणारी रुंद छत्रीसारखी शेड सोपी झाली. म्हणजे हा इतका जुना, वडिलोपार्जित वाटणारा दिवा खरंतर त्या वेळच्या सगळ्यात नव्या गोष्टीभोवती बांधलेला आहे. शेड अभ्रकाची. अभ्रक उष्णतेला घाबरत नाही, शेगड्यांच्या खिडक्यांना ते आधीपासून लावायचे, पण मोठे अखंड तुकडे महाग म्हणून पातळ पापुद्रे लाखेने एकावर एक चिकटवून तक्ते करतात. या तक्त्याला ऊब दिली की लाख मऊ होते, तक्ता वाकतो, थंड झाला की तो बाक धरून ठेवतो. त्या काळात जगाला अभ्रक पुरवणाऱ्या देशांत भारत आघाडीवर होता आणि लाख तर बहुतेक सगळी इथूनच जायची. उजेड या पापुद्र्यांतून येताना मधासारखा होतो, कुठे गडद कुठे फिका, आणि दोन शेड कधी सारख्या होत नाहीत.

शेडवरच्या तांब्याच्या पट्ट्या बघा. त्या नक्षीसारख्या वाटतात पण त्यांच्याखाली अभ्रकाचे दोन तक्ते भेटतात आणि पट्टी तो सांधा झाकते आणि आवळते. रिवेट पट्टीला धरतात. खालचा कडेचा वळसा शेडला गोल ठेवतो. वरच्या टोपीला जी भोकं किंवा फट असते ती गरम हवा जाण्यासाठी, कारण आत लाख आहे आणि तिला जास्त उष्णता सोसत नाही. दिसतं ते सगळं काहीतरी धरतंय, झाकतंय किंवा वाट देतंय. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, पट्टी चिकटवता आली असती, पण डाग द्यायला आच लागते आणि शेजारी अभ्रक आणि लाख, म्हणून रिवेट. ही शैली मला इतकी जवळची वाटते ती यासाठी.

इथे डब्ल्यू. ए. एस. बेन्सनचं नाव घेतलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मॉरिसच्या वर्तुळातला माणूस, मॉरिसच्या मृत्यूनंतर त्याच्या कंपनीची धुरा घेतलेला, आणि तांब्या-पितळेचे दिवे करणारा, पण सरळ यंत्रांवर. त्याचे दिवे गुळगुळीत आहेत, पाकळ्यांसारखी वळणं, चकचकीत परावर्तक, एकही हातोड्याची खूण नाही. आणि ते प्रामाणिक आहेत! यंत्रावर फिरवून काढलेलं तांबं जसं दिसायला हवं तसंच ते दिसतं, हातचं असल्याचा आव आणत नाही. माझं मन व्हॅन अर्पकडे जातं, पण खोट्या खुणांच्या दिव्यापेक्षा बेन्सनचा दिवा मी केव्हाही आधी उचलेन.

रंगाबद्दल थोडंच लिहिते नाहीतर संपणार नाही. तापवलेल्या तांब्यावर दोन प्रकारची ऑक्साइडं बसतात, एक लाल आणि एक काळं, आणि आच, वेळ, पाण्यात टाकण्याची घाई यावर त्यांचं मिश्रण ठरतं. गंधकाच्या संयुगाच्या द्रावणाने तपकिरी ते काळपट छटा येतात, मग खुणांच्या कडांवरून हलकेच घासलं की तिथे उजळ होतं आणि मधल्या सपाट जागा गडद राहतात, वर मेण. हा थर फार पातळ असतो. जुन्या दिव्यांचं सगळ्यात मोठं नुकसान चोरीने किंवा पडझडीने झालेलं नाही, पॉलिशने झालंय. प्रेमाने, स्वच्छतेसाठी, कुणीतरी चकचकीत घासून काढलेला दिवा बघितला की पोटात तुटतं, कारण नव्याने रंग देता येतो पण शंभर वर्षांचा हात लागून आलेला रंग परत येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस.

आणि वायरिंग. जुन्या दिव्यांत रबराचं आवरण आणि वर कापड अशी वायर असते, ते रबर आता वाळून तडकलेलं असतं, आणि दिवा आख्खा तांब्याचा म्हणजे विजेचा उत्तम वाहक. कितीही मूळ, अस्सल वाटलं तरी अशी वायर लावून दिवा पेटवू नका, ती काढून जपून ठेवा आणि नवी घाला, तीन तारांची, अर्थिंग थेट धातूला जोडलेलं, आणि तळाच्या भोकात बुश बसवा म्हणजे पत्र्याची धार वायर कापणार नाही. बल्बबद्दल माझा आग्रह आहे की २२०० केल्विनच्या आसपासचा एलईडी घ्यावा, फार तर २७००. हे दिवे डिझाइन झाले तेव्हा कार्बनच्या तंतूचे पिवळट, अशक्त बल्ब सर्रास होते, पक्क्या टंगस्टनच्या तारेचे बल्ब नुकते कुठे येत होते, आणि अभ्रकाचा तो रंग त्या उजेडासाठी निवडलेला आहे. पांढऱ्या एलईडीने ही शेड आजारी दिसते. एलईडी फारसा तापत नाही हा लाखेला मिळालेला फायदाच आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, जो या चळवळीला पहिल्यापासून सुटला नाही. मॉरिसला हा सल होताच, सगळ्यांसाठी म्हणून बनवलेलं शेवटी श्रीमंतांच्याच घरी जायचं. कारण सरळ आहे, एका पोटाला इतके तास लागतात आणि तासांना मजुरी लागते, यातून पळवाट नाही. ॲशबींचं गिल्ड यातच बुडालं, अमेरिकेत याच शैलीचं फर्निचर करणाऱ्या गुस्ताव्ह स्टिकलीचं दिवाळं १९१५ मध्ये वाजलं. व्हॅन अर्पचं दुकान टिकलं, १९३३ मध्ये तो गेल्यावर मुलगा विल्यमने ते १९७७ पर्यंत चालवलं, आणि मला वाटतं ते टिकलं कारण दुकान लहान होतं, घरचं होतं आणि मालकाला स्वतःला काम येत होतं. पहिल्या महायुद्धात तो परत जहाजाच्या कामावर गेला आणि मागे दुकान इतरांनी बघितलं. धंदा हातात असला की असं करता येतं.

आज त्याचे दिवे लिलावात हजारो डॉलरला जातात, त्यामुळे खोट्या पवनचक्कीचे शिक्केही फिरतात. मला त्याचा आकार उचलून नवा दिवा करण्यात काही गैर वाटत नाही, मी करते, शिकण्याचा तो जुना रस्ता आहे आणि रुंद पोट, छोटा गळा, वर पसरलेली छत्री हे प्रमाण हातात बसल्याशिवाय स्वतःचं काही सुचतही नाही. फक्त तळाला शिक्का माझा असतो आणि त्याखाली साल, म्हणजे उद्या कुणाला शंका नको. सध्या मी नेहमीच्या चार तक्त्यांऐवजी तीन तक्त्यांची शेड करून बघतेय. तक्ते रुंद झाल्यामुळे पट्ट्यांवर ताण वाढलाय, एकेका पट्टीला जास्त रिवेट लागतायत आणि ते कुठे द्यायचे हे अभ्रक जिथे पट्टीपासून सुटायला बघतं तिथे खूण करत करत ठरवतेय.